गाण्याचा पक्ष आणि खानदेशचे श्रोते

गाणे ऐकणे ही एक गोष्ट आणि गाण्याचा पक्ष घेणे ही अगदी दुसरी. पहिलीस कान पुरतो. दुसरीस अभिमान, ईर्षा, थोडे गणित आणि पुष्कळसा रिकामा वेळ लागतो. युरोपात १९५६ सालच्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील लुगानो गावी सात राष्ट्रांच्या गीतांची स्पर्धा भरली, आणि तेव्हापासून आपल्या देशाकडून कोणते गीत पाठवावे या निवडीवरून तिकडे दरवर्षी घरोघर वाद झडू लागले. मूळ स्पर्धेपेक्षा या आधीच्या निवडीतच अधिक रस घेणारे, कोणत्या देशात कोणते गीत मागे पडले व का पडले हे तोंडपाठ सांगणारे शौकीन तिकडे हजारोंनी आहेत. जळगाव-धुळ्याकडील मनुष्यास हे ऐकून हसू येईल. पण ते फार वेळ टिकू नये. कारण नेमका हाच छंद तापीच्या खोऱ्यात वेगवेगळ्या रूपांनी नांदत आलेला आहे, आणि एके काळी तर त्याचा पल्ला समुद्र ओलांडून कोलंबोपर्यंत पोहोचला होता.

या छंदाचे जुने मूळ शोधावयाचे तर कलगी-तुऱ्याकडे वळले पाहिजे. परंपरा अशी सांगते की, तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर चंदेरीच्या दरबारी गेले. त्यांचे गाणे ऐकून राजाने आपल्या मस्तकीचा तुरा एकास आणि कलगी दुसऱ्यास बहाल केली. तुरेवाले शिवाचे, म्हणजे ब्रह्माचे श्रेष्ठत्व गाऊ लागले. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे मायेचे. हा वाद मुळात वेदान्तातला. परंतु तो मिटविण्यासाठी ना पंडितांची सभा भरली, ना शास्त्रार्थ झाला. तो डफ-तुणतुण्यावर, मशालीच्या उजेडात, शेकडो शेतकरी-कारागिरांच्या देखत रात्र-रात्र लढविला गेला. एका फडाने पुराणातले कूट घालावे, दुसऱ्याने ते त्याच चालीत, त्याच यमकात उलगडून वर आपले कूट घालावे, असा हा क्रम. मराठी शाहिरीची भेदिक शाखा या झटापटीतूनच वाढली.

खानदेशात या परंपरेस वहीगायनाचा आधार मिळाला. वही म्हणजे डफाच्या साथीने अनेकांनी मिळून गावयाचे आख्यानपर गीत. श्रावणात कानबाई बसली की खानदेशात रात्रभर जागरण चालते, आणि जागरण म्हटले म्हणजे गाणे आलेच. दोन गावांचे वहीकार समोरासमोर आले म्हणजे सवाल-जवाब होत, आणि मग गावही आपोआप दोन बाजूंना विभागून बसे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या सामन्यास नेमलेला परीक्षक नसे. ज्याला उत्तर सुचले नाही तो हरला. आणि उत्तर सुचले की केवळ शब्द फिरविले, हे ठरविणारा तो समोर बसलेला समुदायच. त्या समुदायात अक्षरशत्रू पुष्कळ, पण पुराणकथांच्या बाबतीत त्यांना फसविणे सोपे नव्हते. जाणकारी आणि बहुमत या दोन गोष्टी तेथे एकाच ठिकाणी नांदत होत्या. पुढे त्यांची फारकत कशी झाली, हाच या इतिहासाचा खरा विषय आहे.

नाटकांच्या काळात पक्ष घेण्याची ही हौस शहरी, पांढरपेशी झाली. जळगावचा या बाबतीतील अभिमान काही निराधार नव्हे. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा, जो पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत झाला, त्याने गाण्याचे आरंभीचे धडे जळगावातच मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते यांच्यात त्या पिढीत जी चुरस होती, तिच्या गोष्टी ऐकत दोन-तीन पिढ्या वाढल्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोघांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला होता. कोण सरस ठरला, हे त्या रात्री कोणी जाहीर केले नाही, आणि पुढे फार काळ ताडून पाहण्याची संधीही मिळाली नाही. कारण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव वारले. निकाल नसल्यामुळे तो वाद मात्र अमर झाला.

निकाल लागलेल्या एका स्पर्धेचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तिचा धागा धुळे जिल्ह्याशी जुळतो. शिरपूर तालुक्यातील थाळनेर हे तापीकाठचे जुने गाव. फारुकी राजांच्या काळी राजधानीचे ठिकाण. तेथील व्यापारी हरिदास लाड यांच्या कन्या शेवंती या मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या पत्नी, अर्थात लताबाईंच्या मातोश्री. थाळनेरच्या आजीकडून ऐकलेले गरबे हे लताबाईंच्या कानावर पडलेल्या पहिल्या गाण्यांपैकी होत. १९४१ साली ‘खजांची’ या चित्रपटाच्या निमित्ताने पुण्यास गाण्यांची स्पर्धा ठेवण्यात आली. बारा वर्षांची लता तीत गायिली आणि पहिली आली; बक्षीस म्हणून तिला दिलरुबा मिळाला. मुलगी हरली तर नाव जाईल, अशी दीनानाथांना धास्ती होती असे सांगतात. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, ते निवर्तले. स्पर्धेतल्या यशाने घरात केवढा आधार येतो आणि अपयशाने केवढी भीती वाटते, हे या एका प्रसंगात दिसून येते.

आता मुख्य भागाकडे वळू. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणते आणि कडवे अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर बंधने आली, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि पाहता पाहता आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ नाहीशी झाली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु श्रोत्यांचा कान हा सरकारी कचेरीतला शिपाई नव्हे, तो हुकुमाने जागेवर बसत नाही. सिलोन बेटावर दुसऱ्या महायुद्धात मित्रसैन्यांसाठी उभारलेले जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. हिंदुस्थानातील श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरविला आणि कोलंबो लावले.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या दिवशी ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम रेडिओ सिलोनवरून प्रथम ध्वनिक्षेपित झाला. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचे निधन बरोबर एक वर्षापूर्वी, ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले होते. त्यांच्याकडे पुढे यावयाचे आहे.) निवेदक अमीन सयानी तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांचे होते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईस होई, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून तोच आवाज पुन्हा समुद्रावरून मुंबईस, नागपुरास, जळगाव-धुळ्यास येऊन पोहोचे. द्राविडी प्राणायामाचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण!

आरंभी हा कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गीते वाजवीत आणि श्रोत्यांनी ती चित्रपटांच्या काळाप्रमाणे लावून पाठवावीत, अशी शंभर रुपये बक्षिसाची चढाओढ असे. चाळीस-पन्नास पत्रे येतील अशी चालकांची अटकळ होती. पहिल्याच खेपेस नऊ हजार आली. पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, आणि इतकी पत्रे उघडून वाचणे अशक्य झाल्यामुळे १९५४ च्या अखेरीस कार्यक्रमाचे स्वरूपच पालटले. आता गीतांची लोकप्रियतेच्या क्रमाने उतरंड लागू लागली. सयानी त्या क्रमास ‘पायदान’ म्हणत. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत चढत जावयाचे, आणि शेवटी बिगुल वाजून पहिल्या क्रमांकाचे गीत. वर्षअखेर साऱ्या वर्षाचा हिशेब. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले ते ‘अनारकली’मधील गीतास, चाल सी. रामचंद्र यांची, गळा लताबाईंचा. म्हणजे संगीतकार मराठी आणि गायिका थाळनेरची नात. खानदेशाने कॉलर ताठ करावयास एवढे पुरेसे होते!

बुधवारी रात्री आठ वाजता जी स्तब्धता पसरे, तिचे वर्णन जुन्या पिढीने वारंवार केले आहे. त्या काळी रेडिओ ही सहज घेण्याची वस्तू नव्हती. तिला टपाल कार्यालयातून वर्षाचा परवाना काढावा लागे. गच्चीवर तारेचे एरियल ताणलेले, दिवाणखान्यात भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला व्हॉल्व्हचा संच, आणि स्टेशन नीट लागले की मिटणारा त्याचा तो हिरवा डोळा. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा वर-खाली होई. ऐन महत्त्वाच्या पायरीवर तो बुडाला तर घरातील सर्वांचे डोळे काटा फिरविणाऱ्याकडे वळत. ज्यांच्याकडे संच नसे ते शेजाऱ्याच्या ओट्यावर किंवा हॉटेलच्या बाकावर बसत. घरातील एखादा मुलगा वही-पेन्सिल घेऊन क्रम टिपून ठेवी. मागील आठवड्यात कितवे होते, या आठवड्यात कितवे आले, किती आठवडे टिकले, असे रकाने आखलेल्या वह्या त्या पिढीत अनेकांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या. खानदेशात ‘वही’ गात असत. आता वही लिहू लागले, एवढाच फरक.

परंतु क्रम ठरे कसा? हा प्रश्न पुढच्या सर्व भानगडींचे मूळ आहे. प्रथम भर होता तो मोठ्या गावांतील दुकानदारांनी कळविलेल्या रेकॉर्डच्या खपावर. यात दोन दोष लवकरच ध्यानात आले. गीत फार लोकप्रिय झाले की दुकानातील रेकॉर्डी संपत, आणि संपल्या म्हणजे खपाचा आकडा खाली येई. म्हणजे लोकप्रियताच गीताच्या मुळावर येई. दुसरे असे की, कोणी निर्मात्याने आपल्याच रेकॉर्डी आपणच विकत घेऊन आकडा फुगविला, तर त्यास अडविणार कोण? यावर तोड म्हणून श्रोता संघांची योजना झाली. गावोगावच्या श्रोत्यांनी मंडळ स्थापावे, आठवड्याची पसंती ठरवावी आणि टपालाने कळवावी. दुकानांचा खप आणि संघांचा कौल दोन्ही ताडून क्रम लावावा, अशी ही व्यवस्था. तेव्हाच्या बिहारमधील झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर विनोदाचा विषय झाले, ते याच वातावरणात.

या संघांकडे केवळ रिकामटेकड्यांचे मेळे म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्या गावात ना चित्रपटाचा स्टुडिओ, ना रेकॉर्डची मोठी पेढी, तेथील दहा-पंधरा मंडळी सायंकाळी एकत्र जमत, गीतांची चर्चा करीत, भांडत आणि अखेर एक यादी पाठवीत. मुंबईच्या शेटजीच्या मतास जेवढे वजन, तेवढेच या पत्रास. नवीन राज्यघटनेने मताधिकार दिला आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली; त्याच वर्षाच्या अखेरीस गीतमाला सुरू झाली. कौल देण्याची सवय राष्ट्राला दोन्हीकडून एकदमच लागली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि या कौलात एक गुण होता: तो एकट्याचा नसे. यादीत नाव घालावयाचे तर शेजारी बसलेल्यास पटवून द्यावे लागे. वहीकारांच्या फडासमोरील समुदायाचा थोडासा अंश या संघांत उतरला होता.

याच्या उलट टोकाची स्पर्धाही त्याच दशकात झाली. १९५७ च्या सुमारास मेट्रो-मर्फी नावाने अखिल भारतीय गायनस्पर्धा भरली. तीत श्रोत्यांच्या मताचा संबंध नव्हता. अनिल विश्वास, नौशाद, सी. रामचंद्र, वसंत देसाई, मदनमोहन असे संगीतकार परीक्षक होते. त्यांनी महेंद्र कपूर आणि आरती मुखर्जी यांना निवडले, आणि निवड चुकली असे पुढे कोणी म्हटले नाही. मग जाणकारांवरच सर्व सोपवावे काय? स्वीडनमधील एक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. १९७३ साली युरोपीय स्पर्धेसाठी तेथे राष्ट्रीय निवड झाली, तेव्हा तज्ज्ञांच्या मंडळाने एका चौकडीचे गीत तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. लोकांनी मात्र त्याच गीताच्या रेकॉर्डी उचलल्या. टीकेचे मोहोळ उठले, दुसऱ्या वर्षी परीक्षणाची पद्धत बदलली, आणि तीच चौकडी एप्रिल १९७४ मध्ये इंग्लंडातील ब्रायटन येथे पहिली आली. तिचे नाव आबा. तज्ज्ञ चुकत नाहीत असे नाही. ते चुकले म्हणजे ऐटीत चुकतात, इतकेच.

दरम्यान ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू करून आपली चूक बऱ्याच अंशी दुरुस्त केली होती. तरीही सिलोनचा बुधवार पुष्कळ वर्षे ढळला नाही. १९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली, तोवर घराघरांत दूरचित्रवाणी शिरली होती.

या साऱ्या उत्साहात एक उणीव होती आणि ती खानदेशाच्या दृष्टीने लहान नव्हती. जी शिडी चढत होती ती केवळ हिंदी चित्रपटगीतांची. जळगावचा श्रोता दुसऱ्या भाषेतील गीतांच्या क्रमासाठी हिरिरीने पत्रे लिही. पण त्याच्या आईच्या जात्यावरील ओवीस, कानबाईच्या गाण्यास, अहिराणी वहीस कोणत्याच पायरीवर जागा नव्हती. बहिणाबाईंचा संग्रह १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचक चकित झाला. निरक्षर बाईने शेतात काम करता करता रचलेली ती कविता वस्तुतः गाणेच होते. १९६१ मध्ये ‘मानिनी’ या मराठी चित्रपटातून ती पडद्यावर आली आणि तेथून घरोघरी गेली. कोणी कौल घेतला नाही, कोणी क्रमांक दिला नाही; तरी ती जळगावपासून कोकणापर्यंत पाठ झाली. पुढे १९७६ साली जळगावला आकाशवाणीचे केंद्र झाले, कालांतराने धुळ्यासही एफ. एम. केंद्र निघाले, आणि खानदेशी बोली खानदेशाच्याच हवेतून ऐकू येऊ लागली. हे काम खरे तर वीस वर्षे आधी व्हावयास हवे होते.

एकविसाव्या शतकात कौलाचे साधन बदलले. पत्राच्या जागी भ्रमणध्वनीचा लघुसंदेश आला. ‘इंडियन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा पहिला निकाल ५ मार्च २००५ रोजी लागला आणि मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत पहिला आला. त्यानंतर २००८-०९ मध्ये झी मराठीवरील लहान मुलांच्या ‘सा रे ग म प’ने तर महाराष्ट्रास वेड लावले, रत्नागिरी, लातूर, अलिबाग, पुणे, आळंदी अशी गावेच जणू एकमेकांसमोर उभी राहिली. ८ फेब्रुवारी २००९ रोजी आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. या पद्धतीत पैसे मोजून एकच मनुष्य हवी तितकी मते देऊ शकतो, ही गोष्ट गीतमालेच्या जुन्या श्रोत्यांस खटकली तर नवल नाही. शेजाऱ्यास पटविण्याची गरज संपली. अंगठा चालला की पुरे. आणि अभिमानास धार आली की काय होते, हे २००७ मध्ये दिसलेच. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग त्या वर्षी विजयी झाल्यावर एका निवेदकाच्या अनुदार थट्टेवरून सिलिगुडीत दंगल उसळली.

खऱ्या अर्थाने राष्ट्रीय निवडीतून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एक मराठी गायक उभा राहिला तो त्याच वर्षी. डिसेंबर २००७ मध्ये जकार्तास ‘एशियन आयडॉल’ झाली. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम या सहा देशांचे विजेते तीत उतरले. भारताकडून अभिजीत सावंत. नियम मोठा मार्मिक होता. प्रत्येक मतदाराने दोन नावे द्यावयाची. पहिले नाव आपापल्या देशाचे जाणार हे उघडच. म्हणजे निकाल लागणार तो दुसऱ्या नावावर. लुगानोच्या पहिल्या स्पर्धेत परीक्षकांना स्वदेशासही गुण देता येत होते; पुढल्याच वर्षी तेथे ती मुभा काढून घेण्यात आली, तीही याच विवंचनेतून. जकार्तास किताब मिळाला सिंगापूरच्या हादी मिर्झा यास. लोकसंख्येने सर्वांत लहान देशाचा गायक पहिला आला, ही गोष्ट डोकी मोजून जय मिळतो असे समजणाऱ्यांस बुचकळ्यात टाकणारी होती.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले. जळगावात भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात; शाळांतील मुली टिपऱ्या घेऊन गातात आणि निकालानंतर मैदानाच्या कडेला आयांची कुजबुज बराच वेळ चालू राहते. अहिराणी गीते आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निघतात. ती धुळे-जळगावात ऐकतात, तशीच पोटापाण्यासाठी सुरतेस जाऊन राहिलेल्या खानदेशी वस्त्यांतही ऐकतात. किती जणांनी पाहिले तो आकडा गीताच्या खालीच दिसतो, आणि त्याच्याही खाली हे गाणे सरस की मागचे, हा वाद अहिराणीतच चाललेला असतो.